ग्रंथाआधीचं मन कुठे मोजणार?

जुन्या ग्रंथांतून माणसाचं मन मोजण्यावरचा तुमचा लेख दोनदा वाचला. होमरची महाकाव्यं आणि बायबल संगणकाने तपासून, त्यातले शब्द 'आत्मपरीक्षण' या अर्थाच्या किती जवळ आहेत हे मोजायचं, ही मेंदूशास्त्रज्ञ सिगमन मंडळींची २०१२ची कल्पना मला मनापासून पटली. जुन्या माणसाला स्वतःचे विचार देवाचा आवाज वाटत असत, हे मानसशास्त्रज्ञ ज्युलियन जेन्सचं १९७६चं मत निदान पडताळून तरी बघता येतं.

पण होमरचीच दोन काव्यं बघा: इलियड ही रणांगणाची कथा, ओडिसी घरी परतणाऱ्याची. दोन्हींच्या आत्मपरीक्षणात फरक दिसला, तर तो मनाचा की विषयाचा, हे कसं वेगळं काढणार? त्यापेक्षा ऋग्वेद घ्या. जुनी कुलमंडलं (एकेका ऋषिकुळाचे भाग) आणि मागाहूनचं मानलेलं दहावं मंडल शेजारी ठेवा. दहाव्यातल्या नासदीय सूक्तात कवी हृदयात शोध घेतात, आणि शेवटी, सृष्टी कुठून आली हे वर बसलेल्यालाही ठाऊक असेल किंवा नसेल, इथवर येतात! हे सगळं शतकानुशतकं पाठांतराने टिकलं, लिहिलं गेलं फार उशिरा.

आणि आमच्या रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांचं, म्हणजे उघड्या कातळी पठारांचं काय? कशेळीला जांभ्यावर कोरलेला अवाढव्य हत्ती आहे, त्याच्या रेषांच्या आत कितीतरी मासे, पक्षी, जनावरं. उभं राहून तो एका नजरेत मावतच नाही. कोरणाऱ्याने अख्खं चित्र आधी डोक्यात धरलं असणार. तिथे एक अक्षर नाही, म्हणून ते मन या मोजणीत शून्य धरायचं का? बारसूसकट ही कातळशिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. यावर पुढचा लेख जरूर लिहा.