एफएम बंद होतंय म्हणे! रेडिओ भंगारात देऊ नका

‘ट्रायचा निर्णय झाला. नॉर्वेप्रमाणे भारतातही एफएम बंद. जुना रेडिओ निकामी. दुरुस्तीवाल्याकडून 300 रुपयांत डिजिटल चिप बसवून घ्या, खेडोपाडी खणखणीत आवाज मिळेल, नाहीतर मोबाइलचा डेटा जाळा.’ हा मेसेज फिरत फिरत आमच्या काकूंपर्यंत पोचला आणि त्यांनी चांगला चालणारा रेडिओ भंगारवाल्यासाठी काढून ठेवला. म्हणून हा खटाटोप.

‘ट्रायचा निर्णय झाला.’ ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, शिफारस करते, निर्णय केंद्र सरकारचा. डिजिटल रेडिओबद्दलच्या 3 ऑक्टोबर 2025 च्या शिफारशी मेसेज लिहिणाऱ्याने उघडूनही पाहिलेल्या नाहीत. खासगी केंद्रांसाठी त्यात सायमलकास्ट सुचवलंय: एकाच फ्रिक्वेन्सीवर एक नेहमीचा अ‍ॅनालॉग कार्यक्रम, तीन डिजिटल आणि एक डेटा चॅनल. म्हणजे अ‍ॅनालॉग त्या योजनेतच धरलेलं आहे. चालू केंद्रांना डिजिटलकडे जाणं ऐच्छिक. अ‍ॅनालॉग कधी थांबवायचं ते डिजिटलचा प्रसार बघून नंतर ठरवा, असंही त्यात आहे. डिजिटल सुरू करायची शहरं 13, त्यातली महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नागपूर. कोल्हापूर-रत्नागिरीकरांनी कशाची धास्ती घ्यायची?

‘नॉर्वेप्रमाणे.’ बरं, नॉर्वेने 2017 मध्ये राष्ट्रीय केंद्रांचं एफएम खरंच बंद केलं, एवढं मान्य. पण 2011 मध्येच अटी ठरवल्या होत्या. किमान निम्मे श्रोते रोज डिजिटलवर ऐकत असले पाहिजेत, ही त्यातली एक. आणि बरीच स्थानिक केंद्रं नंतरही एफएमवरच राहिली. शिवाय तिथलं डिजिटल तंत्र डॅब प्लस, फ्रिक्वेन्सीचा पट्टाही वेगळा. तिथला सेट इथे चर्चेत असलेलं डीआरएम हे डिजिटल तंत्र पकडणार नाही.

आता ती 300 रुपयांची चिप. खरा संताप इथेच. साध्या सेटमधला एफएम भाग वाहक लहरीच्या कमीजास्त होणाऱ्या फ्रिक्वेन्सीतून थेट आवाज काढतो. डीआरएममध्ये एफएम पट्ट्यात 96 किलोहर्ट्झ रुंदीचा सिग्नल येतो, शेकडो छोट्या वाहक लहरींत वाटलेला. तो आधी आकड्यांत रूपांतरित करायचा, वाहक लहरी वेगळ्या करायच्या, वाटेत बिघडलेले बिट दुरुस्त करायचे आणि मग आवाज उलगडायचा. त्याला वेगळा ट्यूनर आणि प्रोसेसर लागतो. जुन्या रेडिओचं उरतं काय? खोकं, स्पीकर आणि फार तर अ‍ॅम्प्लिफायर. त्यातून ट्रायने ‘देशभर एकच तंत्र घ्या’ एवढंच म्हटलंय, डीआरएम की एचडी रेडिओ हे नाव घेतलेलं नाही. मग हा दुकानदार चिप बसवतो कोणत्या तंत्राची?

बसवतो ती ब्लूटूथ-यूएसबीची पट्टी. लाल आकड्यांत 98.3 दिसतं, रिमोट मिळतो, गिऱ्हाईक खूश. आत एफएम तेच, अ‍ॅनालॉग. बऱ्याचदा अँटेना म्हणून वीतभर वायर लोंबकळत सोडलेली असते, त्यामुळे जुन्या दांड्यावर स्वच्छ लागणारं केंद्रही खरखरायला लागतं. कुणी ‘डिजिटल करून देतो’ म्हणालाच तर एकाच फ्रिक्वेन्सीवरचे दोन-तीन कार्यक्रम निवडून दाखवायला सांगा.

‘डेटा लागेल.’ नाही. हे प्रसारण टॉवरवरूनच हवेतून येतं. अ‍ॅपवर ऐकणं ही निराळी गोष्ट.

‘खेडोपाडी खणखणीत आवाज.’ सिग्नल पुरेसा असेल तिथे, हो. पण अ‍ॅनालॉग घाटात खरखरत का होईना, ऐकू येतं. डिजिटलचा सिग्नल मर्यादेखाली गेला की आवाज तुटतो आणि पुढे काहीच नाही. टॉवर किती, कुठे, किती शक्तीचे, हे गणित म्हणूनच आधी सोडवावं लागतं.

आकाशवाणीने कमी शक्तीचे काही मध्यमलहरी ट्रान्समीटर बंद केले, हे खरं आहे. तुमच्या भागातलं केंद्र गेलं असेल तर कारण ते असू शकतं. सेट नव्हे. आधी एफएमचं बटण दाबून बघा.