मिशी माझी, मतं सगळ्यांची

आमच्या घरात नवऱ्याची दाढी हा सार्वजनिक कार्यक्रम असतो. तोंडाला फेस फासून हा गॅलरीत जाऊन पेपर आला का बघणार, समोरच्या काकांना हात करणार, एक गाल झालेला आणि एक राहिलेला अशा अवस्थेत सोसायटीच्या चेअरमनशी पाण्याच्या टँकरवरून फोनवर भांडणार, आणि शेवटी बेसिनमध्ये सगळे केस तस्सेच ठेवून "निघालो गं" म्हणून जाणार. आणि मी? मी बाथरूमची कडी लावून, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून, बाहेरून "आत कोणे? किती वेळ?" असं कुणी ओरडलं की "पोट बिघडलंय" असं सांगते. पोट बिघडलंय हे अख्ख्या घराला ओरडून सांगायला लाज वाटत नाही, पण ओठावरचे चार केस काढतेय हे सांगता येत नाही. असो.

बाईला कशाला लागते दाढी असं ज्यांना वाटतंय त्यांना सांगते. प्रत्येक बाईच्या चेहऱ्यावर लव असते. बारीक, मऊ, जवळपास बिनरंगाची, आणि ती घरातल्या आरशात अजिबात दिसत नाही. ती दिसते स्कूटीच्या आरशात, सिग्नलला, सकाळचं ऊन गालावर तिरकं पडलेलं असताना, म्हणजे हातात प्लकर नसताना आणि मागचा रिक्षावाला हॉर्न मारत असताना. त्यातून हनुवटीखाली एक खास असतो, काळा, जाड, ताठ. काल तो नव्हता. शपथ घेऊन सांगते काल नव्हता. हा एका रात्रीत पाव इंच वाढतो अशी माझी ठाम समजूत आहे, शास्त्र काही का म्हणेना. एकदा बोटाला लागला की संपलं, मग पूर्ण मीटिंगभर हात हनुवटीवर, आणि बॉसला वाटतं मॅडम फार खोल विचार करतायत. मागच्या अप्रेझलमध्ये 'विचारी' असा शेरा मिळालाय मला. तो या केसाचा आहे.

आता पार्लर. आपण जातो फक्त आयब्रो करायला. फक्त. खुर्चीत मान मागे टाकली की तिथली ताई दोन बोटांनी आपली हनुवटी धरून चेहरा ट्यूबलाइटकडे फिरवते आणि शेजारी डोक्याला मेंदी थापून बसलेल्या काकूंनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात सुरू होते, "अपरलिप्स करायचेत ना? चिनला पण आलेत हं मॅडम. फोरहेडला तर खूपच आहेत. साइडलॉक्स पण घेऊ का?" थोडक्यात नाक आणि डोळे सोडून सगळंच. काकू मेंदीसकट वळून बघतात. मग दोरा निघतो, त्याचं एक टोक तिच्या दातात, आणि हुकूम सुटतो "ताणून धरा". जीभ आतून ओठाखाली फुगवायची, दोन्ही हातांनी स्वतःचीच कातडी ताणायची, म्हणजे ज्याचा छळ चाललाय त्यानेच छळायला मदत करायची, हा प्रकार मी थ्रेडिंगशिवाय कुठेही पाहिलेला नाही. डोळ्यातून घळाघळा पाणी, शिंक अर्ध्यात अडकलेली, आणि नेमकं तेव्हाच तिला विचारायचं असतं, "सासूबाई कशायत आता?"

ब्लीचचं तर नावच नको. केस जात नाहीत, फक्त सोनेरी होतात. सावळ्या चेहऱ्यावर सोनेरी मिशी ही कुणाची आयडिया होती मला माहीत नाही, पण तो माणूस उन्हात बाहेर पडला नसावा. "चरचरतंय गं" म्हटलं की "होतं थोडं" असं उत्तर मिळतं. लेझरवाल्यांकडेही चौकशी केली होती, त्यांनी पॅकेज सांगितलं, मी पाणी मागितलं. शिवाय लेझर पकडतं केसातल्या काळ्या रंगाला, त्यामुळे जाड काळ्या केसावर ते छान चालतं, पण या फिकट लवेला त्याचा फार फरक पडत नाही. आणि गंमत ऐका, क्वचित काही जणींना चेहऱ्यावर लेझर करून आजूबाजूचे केस उलट वाढतात, त्याला पॅराडॉक्सिकल हायपरट्रायकोसिस असं भारदस्त नावही आहे, आणि आपल्याकडच्या सावळ्या बायकांत ते दिसतं.

तर शेवटी मी रेझर घेतला. गुलाबी दांडीचा, पेन्सिलीएवढा, टोकाला छोटं पातं आणि त्यावर बारीक दात्यांचं कुंपण, तीनचं पाकीट. स्किनवाल्या क्लिनिकमध्ये याचीच मोठी बहीण असते, ते सर्जरीचं पातं घेऊन लव आणि वरची मेलेली कातडी एकदमच खरवडतात आणि त्याला डर्माप्लेनिंग म्हणतात आणि तसे पैसे घेतात.

आईला फोनवर सांगितलं तर ती आधी काही बोललीच नाही. नंतर बोलली ती थांबेचना. "अगं वस्तरा? तोंडावर? दाट येतील, राठ येतील, मग काय रोज जावईबापूंच्या शेजारी उभी राहणारेस का फेस लावून?" आता हीच माझी आई माझ्या लेकाच्या जावळाला काय म्हणत होती? "नीट गुळगुळीत काढा हो, वस्तरा फिरला की दाट येतात." पोर मामाच्या मांडीवर रडून रडून लालबुंद, मामा पोरापेक्षा जास्त घाबरलेला, न्हावी घामाघूम, पण आईचं एकच, दाट येतात. आज बघा लेकाचे केस. अगदी आजोबांवर गेलेत, मागून चंद्र दिसतो. म्हणजे डोक्यावर हवे होते तिथे वस्तऱ्याने काही दाट आले नाहीत, पण माझ्या गालावर मात्र जंगल माजणार! हे मी बोलून दाखवलं तर म्हणे "उलट उत्तरं देऊ नकोस."

बरं हे माझं घरगुती संशोधन सोडा. अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या बाईंनी पुरुषांच्या दाढीवर अभ्यास करून 1928 सालीच लिहून ठेवलंय की दाढी केल्याने केस जाडही होत नाहीत आणि वाढायचा वेगही बदलत नाही. 1970 साली दुसऱ्या एका अभ्यासात पुन्हा तेच निघालं, त्यात पाच तरण्याताठ्या पुरुषांनी कित्येक महिने दर आठवड्याला एकाच पायावरचे केस काढले, दुसरा पाय तसाच. दोन्ही पायांत काहीही फरक नाही. मला शास्त्राचं कौतुक आहेच, पण त्या पाच जणांच्या बायकांचं जास्त आहे. मूळ कातडीखाली असतं, पातं फिरतं वरून, त्या मुळाला वर काय झालं याचा पत्ताही नसतो. फक्त केसाचं टोक निमुळतं असतं ते कापून बोथट होतं म्हणून हाताला जरा टोचतं, बास. जपानात तर लग्नाआधी नवऱ्या मुली चेहरा, मान, पाठ असं सगळं रीतसर शेव्ह करून घेतात, हे न्हाव्याकडचं काम आहे, आणि कुणी "पोट बिघडलंय" म्हणत नाही.

प्रत्यक्ष करताना मात्र माणसाचा सगळा डौल जातो. तोंड धुवायचं, कोरडं करायचं, थोडी कोरफड जेल लावायची, एका हाताने कातडी ताणायची आणि दुसऱ्या हाताने पातं साधारण पंचेचाळीस अंशात तिरकं धरून वरून खाली, केस ज्या दिशेला वळलेत त्या दिशेला, छोटे छोटे हात मारायचे. पिंपल असेल तिथे जायचं नाही, रेटिनॉल वगैरे असलेलं क्रीम लावत असाल तर काही दिवस आधीच बंद करायचं. ओठ करताना तोंडाचा 'ऊ' करायचा, हनुवटीला मान छताकडे, कानशिलापाशी एक डोळा बारीक करून आरशाला जवळजवळ नाक टेकवायचं, आणि या पोझमध्ये असतानाच बाहेरून लेक विचारणार, "आई, भूमितीचा कंपास कुठेय?" बोलायचं नाही, ओठ हलवायचा नाही, हातात पातं आहे. "ऊंऊं" एवढंच. मग पातं टिश्यूवर पुसलं की त्याच्यावर पांढरट भुगा येतो, लव आणि मेलेली कातडी, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. बघून किळस येते आणि दुसऱ्या सेकंदाला प्रचंड समाधान वाटतं, मी तो भुगा दोन मिनिटं बघत बसते, खोटं कशाला बोलू. नंतर मॉइश्चरायझर, आणि बाहेर पडायचं असेल तर सनस्क्रीन.

एक मात्र गंभीरपणे. हनुवटीवर, जबड्याला अचानक जाड काळे केस यायला लागले आणि पाळीही मागेपुढे होत असेल तर आधी डॉक्टर, रेझर नंतर. पीसीओएस, म्हणजे अंडाशय आणि हॉर्मोन्सची गडबड, असू शकतं, हॉर्मोन्सचं दुसरं काही असू शकतं, आणि ते पात्याने बरं होत नाही. माझ्या चुलत बहिणीला कितीतरी वर्षं नातेवाईक पार्लर बदल, डाळीचं पीठ चोळ असंच सांगत राहिले. रक्त तपास असं एकानेही सांगितलं नाही. यांना केस दिसतात फक्त.

एवढं सगळं करून मी बाहेर येते, गाल एकदम गुळगुळीत, कॉम्पॅक्ट असं बसलेलं की काय सांगू. नवरा वर बघून म्हणतो, "काहीतरी वेगळं दिसतंय. केस कापलेस का?" मी म्हटलं, हो.

पण गुपित फार टिकलं नाही, कारण परवा मी दुसरा रेझर काढायला गेले तर तो पेनस्टँडमध्ये, पात्याला चिकटपट्टीचा डिंक. विचारलं तर हा म्हणतो, "अगं ते होय? कुरियर फोडायला एकदम झकास आहे, कुठून आणलंस?" मी सांगितलं काय आहे ते. जरा वेळ गप्प, मग स्वतःचा गाल चाचपून म्हणतो, "म्हणजे माझं जिलेट तू वापरत नाहीस ना?" याला काळजी कशाची, तर स्वतःच्या जिलेटची.

आणि काल आईचा फोन. इकडचं तिकडचं, भावाचं, कामवालीचं, गुडघ्याचं सगळं झालं, फोन ठेवता ठेवता म्हणते, "ते तुझं पाकीट तीनचं होतं ना गं? एक पाठव की इकडे. मला नको काही. शेजारच्या कुलकर्णी वहिनींना हवाय." कुलकर्णी वहिनी गेल्या महिन्यात मुलाकडे कॅनडाला गेल्यात. पाठवते म्हटलं.