‘निम्मा पैसा पगारातच जातो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ती मनापासून लिहिली आहे हे जाणवलं, म्हणून उत्तरही सविस्तर देते आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मुलांना कला शिकवणाऱ्या ना-नफा संस्था कोण चालवतं आणि तिथे कोण शिकवतं, याबद्दल मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं. अशा एका संस्थेच्या वार्षिक अहवालात निम्म्याहून जास्त खर्च पगार आणि मानधनाचा होता, म्हणजे हा पैसा मुलांपर्यंत पोहोचत नाही. मुलांपुढे कागद आणि रंग ठेवले की ती आपसूक चित्रं काढतात, त्यासाठी शिक्षक कशाला? शिकवणारे बहुतेक जण चित्रकार म्हणून जम न बसलेले असतात. चित्रकलेमुळे अभ्यास सुधारतो याचा पुरावा मी दिलेला नाही. आणि सेवाभाव असेल तर माणूस पैसे मागत नाही. त्यासाठी तुम्ही दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंना डांबलेल्या तेरेझिनच्या छावणीत मुलांना शिकवणाऱ्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांचा दाखला दिला आहे.

पगारावर गेलेला पैसा मुलांपर्यंत पोहोचत नाही, हे मला अजिबात मान्य नाही. गणित शिकवणाऱ्या बाईंचा पगार आपण शिक्षणावरचा खर्च म्हणूनच धरतो. फळा आणि खडू एवढाच काय तो शिक्षणाचा खर्च, बाईंचा पगार वरखर्च, असं कोणी म्हणत नाही. मग चित्रकलेच्या वर्गाला हा नियम का लागू नाही? कारण शिक्षकाशिवायही तो वर्ग चालतो, असं आपण मनात गृहीत धरलेलं असतं. तुमचा दुसरा मुद्दा नेमका तोच आहे, म्हणून तिथे जरा थांबते.

आठ वर्षांचा मुलगा सायकलवरचा माणूस काढतोय. सायकल झाली, दोन चाकं झाली, माणूस सीटवर बसला. पण दोन्ही पाय सरळ खाली लोंबकळताहेत, पेडलचा आणि त्यांचा संबंध नाही. काहीतरी चुकतंय हे त्याला दिसतंय, काय चुकतंय ते कळत नाही. खोडून खोडून कागदाला भोक पडायची वेळ येते आणि मग तो म्हणतो, ‘ताई, मला येत नाही. तुम्हीच काढून द्या.’

इथे हौशी स्वयंसेवक काय करतो ते मी पुष्कळदा पाहिलंय. तो प्रेमानं पेन्सिल हातात घेतो आणि पाय काढून देतो. चित्र छान होतं, मुलगा खूश होतो, फोटो काढला जातो. पुढच्या आठवड्यात तोच मुलगा तेच वाक्य घेऊन पुन्हा उभा राहतो, कारण आपल्याला येत नाही हे आता त्याला पक्कं ठाऊक झालेलं असतं.

जाणती शिक्षिका पेन्सिलीला हात लावत नाही. ती त्याला खुर्चीवर बसवते आणि म्हणते, ‘चालव सायकल.’ तो हवेत पाय फिरवू लागतो. ‘थांब. आत्ता कुठला गुडघा वर आहे? किती वर? हात लावून बघ. दुसरा पाय कुठे गेला?’ मुलगा गुडघ्याला हात लावतो, हसतो आणि कागदाकडे पळतो. या खेपेला एक गुडघा चांगला वाकलेला येतो, इतका की तो माणसाच्या हनुवटीला टेकलाय. प्रमाण साफ चुकलेलं. आणि इथे ती काहीच बोलत नाही. त्या मुलानं आज वाकलेला पाय शोधून काढलाय, त्याच मिनिटाला प्रमाणाचा धडा दिला तर त्याचा शोध मातीमोल होईल, हे तिला कळतं. प्रमाणाचं ती पुढे कधीतरी काढेल.

कुठे विचारायचं आणि कुठे गप्प बसायचं हे दोन निर्णय तिनं पाच मिनिटांत घेतले, आणि खोलीत तेव्हा आणखी वीस मुलं होती. एकाचा रंग फार पातळ झालाय, एकीनं ओल्या कागदावर काळा सोडलाय आणि तो पसरतोय म्हणून ती रडवेली झालीय, एक जण ब्रश बुंध्यापर्यंत दाबून त्याचे केस फिसकारतोय. या सगळ्यांकडे बघायला लागणारी नजर कागद-रंगांच्या पेटीत मिळत नाही. ती तयार व्हायला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत त्या माणसालाही घरभाडं भरायचं असतं.

मुलांना मोकळं सोडलं की पुरे, या विचाराला मोठी परंपरा आहे हे मान्य. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी कलावर्ग सुरू केला. मोठ्यांच्या चित्रांची नक्कल करायला लावणाऱ्या त्या काळच्या पद्धतीपुढे मुलाच्या स्वतःच्या अभिव्यक्तीला मान देणारा तो वर्ग जगभर गाजला. पण त्या वर्गातली चित्रं पाहणाऱ्या अनेकांनी पुढे एक गोष्ट टिपली: ती चित्रं एकमेकांसारखी दिसतात, त्यांत एक विशिष्ट शैली आहे. मला यात चिझेक यांचा कमीपणा दिसत नाही. खोलीत शिक्षक असला की त्याचा प्रभाव पडतोच, तो कितीही मागे सरून उभा राहिला तरी. मग तो कळत-सवरत पडावा, एवढीच अपेक्षा. आणि त्यासाठी शिक्षकानं शिकायला हवं, दुसऱ्याच्या वर्गात बसायला हवं, वर्ग संपल्यावर सहकाऱ्यांबरोबर चित्रं मांडून बोलायला हवं. हा वेळही पगारातच येतो, आणि अहवाल वाचणाऱ्याला तोच सगळ्यात आधी फालतू वाटतो.

आता ‘जम न बसलेले चित्रकार’. हे शब्द मला लागले, कारण यातली कितीतरी माणसं मी जवळून ओळखते. न्यू यॉर्कमध्ये १९७०च्या दशकातल्या आर्थिक संकटात सरकारी शाळांमधले कलाशिक्षक मोठ्या प्रमाणावर कमी केले गेले. तेव्हा अ‍ॅग्नेस गुंड यांनी १९७७ मध्ये ‘स्टुडिओ इन अ स्कूल’ ही संस्था काढली. कल्पना अशी, की स्वतः काम करणाऱ्या कलाकारांना मोबदला देऊन शाळेत आणायचं. म्हणजे कलाकार असणं हीच तिथली पात्रता. स्वतःचं चित्र बिघडणं म्हणजे काय हे ज्याला रोज अनुभवायला मिळतं, तो मुलाच्या बिघडलेल्या चित्राकडे घाबरून बघत नाही. ‘आता याचं काय करता येईल?’ हा प्रश्न त्याच्या तोंडून खरा वाटतो, कारण सकाळी त्यानं तो स्वतःलाच विचारलेला असतो.

मात्र चांगला चित्रकार हा आपोआप चांगला शिक्षक होत नाही, हे मीही ठामपणे म्हणेन. गोंगाट सहन न होणारे, मुलाच्या चित्रात आपलं चित्र शोधणारे उत्तम चित्रकार असतात. त्यांना थेट वर्गावर सोडणारी संस्था निष्काळजी आहे. नव्या माणसाला आधी अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली ठेवायला हवं. पण म्हणजे एका वर्गाला दोन माणसं, दोन मानधनं, आणि तुम्हाला खटकलेला तो आकडा आणखी वाढणार.

डिकर-ब्रांडाइस यांच्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण त्यांचं नाव मी फार आदरानं घेते आणि या वादात ते असं वापरलेलं मला पाहवत नाही. १९१९ पासून जर्मनीतल्या वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत त्या चित्रकार-शिक्षक योहानेस इटेन यांच्याकडे शिकल्या. पुढे प्रागमध्ये निर्वासितांच्या मुलांना त्यांनी शिकवलं. डिसेंबर १९४२ मध्ये त्यांना तेरेझिनला नेण्यात आलं, तेव्हा त्यांच्या गाठीशी वीसेक वर्षांचं शिक्षण आणि अनुभव होता. छावणीत त्या मुलांकडून लयीचे, उजेड-अंधाराचे, कागदकामाचे सराव करून घेत. हे सराव त्यांच्या स्वतःच्या शिक्षणातून आलेले होते. प्रत्येकानं चित्रावर आपलं नाव लिहायचं, असा त्यांचा आग्रह असे. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना आउशवित्झच्या मृत्युछावणीत पाठवून मारण्यात आलं. मागे राहिलेल्या दोन सुटकेसांमधली सुमारे ४,५०० चित्रं आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत, आणि चित्रावरच्या सहीमुळेच ते चित्र कोणाचं हे आज सांगता येतं.

छावणीतल्या कैद्याला मानधन नव्हतं, कारण त्याला कुठलाच हक्क नव्हता. ती परिस्थिती आजच्या शिक्षकासाठी मापदंड म्हणून कशी लावायची? त्यांच्याकडून घ्यायचंच असेल तर तयारी घ्यावी. संकटातल्या मुलांसमोर उभं राहतानाही त्या ‘काढा काहीही’ म्हणाल्या नाहीत, विचार करून धडे आखत राहिल्या.

पुराव्याबद्दल. कलेनं गणिताचे गुण वाढतात असं मी लिहिलं नव्हतं, लिहिणारही नाही. एलन विनर आणि लोइस हेटलंड या अमेरिकन संशोधकांनी १९५० ते १९९९ या काळातले अभ्यास एकत्र तपासून २००० साली निष्कर्ष मांडले. दृश्यकलेच्या शिक्षणामुळे इतर विषयांतली कामगिरी सुधारते, असा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. कलेच्या बाजूच्या पुष्कळांना हे रुचलं नाही. मला मात्र तो प्रामाणिकपणा आवडतो. कला शिकवून काय येतं, तर आधी कला येते: नीट बघणं, बिघडलेल्या कामाशी टिकून राहणं, मनात आहे ते बाहेर कसं आणायचं याचा विचार करणं.

याउलट अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधला अभ्यास बघा. डॅनियल बोवेन आणि ब्रायन किसिडा यांनी २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला. ४२ शाळा, १०,५४८ विद्यार्थी, आणि कुठल्या शाळेला जादा कलाशिक्षण मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यदृच्छेनं ठरवलेलं. त्या शाळांमध्ये शहरातल्या कलासंस्थांनी कलाकार आणि कार्यक्रम नेले. शिस्तभंगाच्या कारवाया झालेल्या मुलांचं प्रमाण ३.६ टक्के-बिंदूंनी घटलं, लेखनाचे गुण थोडे सुधारले, दुसऱ्याबद्दलची कणव वाढलेली दिसली. परिणाम प्रचंड नाहीत, पण खरे आहेत. आणि ते रंगपेट्या वाटून झालेले नाहीत, वर्गात माणसं गेली म्हणून झाले.

चालवणाऱ्यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, ‘कार्यालयात बसणारे’. समन्वयकाचा दिवस कसा जातो ते सांगते. शाळेनं ऐनवेळी परीक्षा लावली, वर्ग हलवायचा. शिक्षिका आजारी, बदली माणूस शोधायचा, आणि तोही असा की ज्याची पार्श्वभूमी तपासलेली आहे, कारण मुलांच्या खोलीत कोणालाही पाठवता येत नाही. तीन देणगीदार, तिघांचे तक्ते वेगळे, तिघांना ‘लाभार्थी’ वेगवेगळ्या पद्धतीनं मोजून हवेत. महिनाअखेरीला सगळ्यांचं मानधन वेळेवर गेलं पाहिजे. हे काम कोणी केलं नाही, तर खुर्चीवर बसून सायकल चालवणारा तो मुलगा त्या दिवशी चित्रकलेच्या वर्गात नसतोच. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या संस्थांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं: केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची लायकी ठरवू नका. संस्थांची पारख करणं हेच ज्यांचं काम, त्यांनाही हे सांगावंसं वाटलं.

तुमच्या एका मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. संस्थापक वर्षानुवर्षं खुर्ची सोडत नाहीत आणि शिक्षक कंत्राटावर येतात-जातात, असं तुम्ही लिहिलंय. हे खरं दुखणं आहे. जिथे शिकवणाऱ्यांना वार्षिक आराखड्यात बोलायला जागा नसते, तिथे आराखडा देणगीदाराच्या सोयीनं होतो आणि वर्ग मरगळतात. स्कॉटलंडमधल्या कोल प्राथमिक शाळेत १९९४ मध्ये ‘रूम १३’ नावाचा स्टुडिओ सुरू झाला. तिथे तर मुलांनीच व्यवस्थापन हातात घेतलं, हिशेब ठेवले, पैसे उभे केले, आणि सोबतीला एक मोठा कलाकार ठेवला. मुलांना एवढं झेपतं, तर शिक्षकांना विश्वस्तांच्या बैठकीत बसवायला काय हरकत आहे? वर्षा-दोन वर्षांत शिक्षक का निघून जातात, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. दुसरं उत्तर मानधनात असतं, आणि ते कमी ठेवावं असं तुम्हीच सुचवताय.

एक राहिलं. प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की यंदा पैसे न देता रंगपेट्याच पाठवणार. पाठवा, पण आधी विचारून. एका दात्यानं ‘फक्त साहित्यासाठी’ म्हणून दिलेल्या निधीतून आलेले रंग कपाटात सुकून गेलेले मी पाहिलेत, कारण ते वापरायला शिकवणारं माणूस ठेवण्याची त्या निधीत मुभा नव्हती. बारा रंगांच्या छोट्या पेट्या तर शक्यतो नकोच. पांढरा सगळ्यात आधी संपतो, म्हणून पांढऱ्याच्या आणि तीन मूळ रंगांच्या मोठ्या बाटल्या घ्या. कागद जाड हवा, पाणी पिऊन न फाटणारा. ब्रश थोडे पण चांगले. आणि त्याच पाकिटात एखाद्या शिक्षिकेच्या महिनाभराच्या मानधनाचा धनादेश ठेवता आला, तर तोही ठेवा, कशावर खर्च करायचा याची अट न घालता.