आवाज येतोय का?

आणीबाणी जाहीर झाली की निविदेची मुदत न पाळता पंप विकत घेण्याचे, रस्ते बंद करण्याचे आणि शाळांत निवारा उघडण्याचे अधिकार आमच्या स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्यांकडे जातात, आणि ते एका सहीत वापरूनही होतात. लोकप्रतिनिधींच्या वाट्याला उरते ती कार्योत्तर मंजुरी. ती दूरस्थ सभेत द्यायची असते आणि त्या सभेचे इतिवृत्त मला लिहायचे असते.

पहिली अडचण गणपूर्तीची. सभागृहात डोकी मोजता येतात. पडद्यावर मात्र एका चौकटीत छताचा पंखा, दुसरीत कुणाचा तरी कान आणि तिसरीत नुसते नाव असते. इंग्लंडमध्ये करोनाकाळात, ४ एप्रिल २०२० पासून, स्थानिक संस्थांच्या सभांना लागू झालेल्या नियमांनी हा प्रश्न सोडवला होता: दूरस्थ सदस्याला इतरांचे ऐकू आले पाहिजे आणि त्याचे बोलणे इतरांना ऐकू गेले पाहिजे, तरच तो हजर. नियम चांगला आहे, पण आमच्याकडे तो काटेकोरपणे लावला, तर दुसऱ्याचे ऐकण्याची अट पूर्ण न केल्यामुळे आमचे निम्मे ज्येष्ठ सदस्य सभागृहात समोर बसूनही गैरहजर ठरतील.

त्या नियमांची मुदत मे २०२१ मध्ये संपली. स्थानिक संस्थांविषयीच्या १९७२ च्या कायद्यातील सभा म्हणजे प्रत्यक्ष एकत्र जमून घेतलेली सभा, असा निर्णय तिथल्या उच्च न्यायालयाने त्याआधीच, एप्रिलच्या अखेरीस, दिला होता. कॅलिफोर्नियाने २०२१ च्या कायद्यात वेगळीच युक्ती काढली: आणीबाणीत दूरस्थ सभा चालू ठेवायच्या असतील, तर त्यांची गरज अजून आहे, असा निष्कर्ष तेव्हा दर ३० दिवसांनी नोंदवावा लागे. म्हणजे सभेला येणे धोक्याचे आहे, हे ठरवण्यासाठी पुन्हा सभा! तिथल्या इतिवृत्तलेखकांबद्दल मला मनापासून सहानुभूती वाटते.

आमच्या सभेत पंपांचा विषय निघाला. सूचक मिळाले, अनुमोदकांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. "अहो, माइक बंद आहे तुमचा," असे सर्वांनी एकाच वेळी सांगितल्यामुळे तेही कुणाला कळले नाही. तेवढ्यात विरोधी गटाच्या नेत्यांची चौकट नाहीशी झाली. सभागृहातल्या सभात्यागात खुर्च्या सरकतात, घोषणा होतात, दार आपटते. इथे उरलेल्या चौकटी थोड्या मोठ्या झाल्या, इतकेच. मी 'संपर्क तुटल्यामुळे अनुपस्थित' अशी नोंद करून मोकळा झालो.

संध्याकाळी नेत्यांचा फोन आला. रेंज गेली होती, हे त्यांनी कबूल केले. पण पंपांची खरेदी आपल्याला अजिबात मान्य नसल्यामुळे तो सभात्यागच धरावा, असा त्यांचा आग्रह होता. लेखी अर्ज द्या, असे मी सुचवले. अर्ज आला. त्यात सभात्यागाची वेळ रेंज जाण्याच्या पाच मिनिटे आधीची होती आणि त्या पाच मिनिटांत त्यांनी पंपांच्या बाजूने हात वर केल्याचे ध्वनिचित्रमुद्रण माझ्याकडे आहे.