अरेका पाम आजारी नव्हता – रिव्ह्यूला आमच्या नर्सरीचं उत्तर

नमस्कार मॅडम, तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल आधी सॉरी. हौसेने घरी आणलेलं झाड डोळ्यांसमोर पिवळं पडलं की किती वाईट वाटतं हे मला चांगलं माहितीये.

पण तुम्ही लिहिलंय की आम्ही "आजारी अरेका गळ्यात मारला", महिन्याभरात पिवळा पडला आणि वरून छाटला तरी फुटवा आला नाही म्हणजे तो मुळातच मेलेला होता. बाकी सगळं ऐकून घेईन, पण हे "गळ्यात मारला" फार लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

झाड घेताना तुम्हीच म्हणालात की जिन्याखालच्या कोपऱ्यात ठेवायचंय आणि तिथे खिडकी नाहीये. मी तेव्हाच सांगितलं होतं की अरेकाला भरपूर उजेड लागतो, कडक ऊन नको पण जागा खिडकीजवळची हवी, आणि अशा अंधाऱ्या कोपऱ्यासाठी रॅफिस पाम घ्या नाहीतर पार्लर पाम घ्या, ते कमी उजेडात तग धरतात. रॅफिस तुम्हाला बुटका वाटला, अरेका भरगच्च दिसतो म्हणून तोच हवा होता. आवड ज्याची त्याची, मी जास्त बोललो नाही. पण म्हणून "काही न सांगता विकलं" असं कसं म्हणता?

तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. आमची काळी प्लास्टिकची कुंडी तुम्ही सिरॅमिकच्या शोभेच्या पॉटमध्ये ठेवलीये आणि दोन्हींच्या मधल्या फटीत पाणी चकाकताना दिसतंय, म्हणजे त्या पॉटला खाली भोक नाहीये. त्यात "रोज न चुकता पाणी घातलं" हेही तुम्हीच लिहिलंय. उजेड कमी असला की झाड पाणी फार कमी ओढतं, माती ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजायला लागतात, पानं पिवळी पडतात ती त्यामुळे. वरची दोन बोटं माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका, हे बिलासोबतच्या चिठ्ठीवर छापलेलं आहे.

आणि छाटणीचं तर सांगायलाच हवं. जास्वंद छाटली की फुटते, पाम नाही फुटत. पामच्या प्रत्येक खोडाला वाढायला एकच शेंडा असतो, तो कापला की ते खोड संपलं, नवीन कोंब येतात ते बुडातून, मातीलगत. फोटोत तीन खोडं अर्ध्यावर कापलेली दिसतायत. ती कापल्यामुळे गेली मॅडम, आणि नाव आमच्या झाडाचं खराब झालं.

तरी झाड अजून वाचू शकतं असं मला वाटतं. मधल्या खोडाच्या टोकाला एक मिटलेलं, टोकदार पान हिरवंगार दिसतंय, ते हलक्या हाताने ओढून बघा, घट्ट असेल तर ते खोड जिवंत आहे. पॉटमधलं पाणी आजच ओतून टाका, कुंडी खिडकीजवळ घ्या, खत आत्ता अजिबात नको. अर्धवट पिवळी पानं लगेच कापू नका, झाड त्यांच्यातलं उरलंसुरलं अन्न नव्या पानांसाठी ओढून घेतं, पूर्ण वाळली की मग काढा. नुसती पानांची टोकं तपकिरी झालीत त्याचं टेन्शन घेऊ नका, कोरड्या हवेने किंवा पाण्यातल्या क्षारांनीही तसं होतं.

फोनवर आमचा मुलगा नीट बोलला नाही म्हणालात, त्याच्याशी बोललोय. चिठ्ठीची अक्षरं मोठी करायचं आणि कुंड्यांवर उजेडाचं लेबल वगैरे लावायचंही चाललंय, होईल ते लवकरच.

आमच्यासारख्या छोट्या नर्सरीचं पोट येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालतं आणि नवीन माणूस आधी स्टारच बघतो. झाड घेऊन या, कुजलेली मुळं काढून मी स्वतः कुंडी बदलून देतो, पैसे घेणार नाही. रेटिंग काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा, फक्त तो "आजारी" शब्द तेवढा काढता आला तर बघा ही विनंती.