डी ड्राइव्हमध्ये कॉपी केलं म्हणजे बॅकअप झाला? नाही ओ!

‘दुकानदाराला पैसे देऊ नका, कॉम्प्युटरचा बॅकअप घरीच घ्या’ असा एक लांबलचक मेसेज सध्या सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात पाच मुद्दे आहेत आणि शेवटी ‘कॉम्प्युटर इंजिनीअरने सांगितलेले’ असा शिक्का. आमच्या घरच्या ग्रुपवरही तो आला. यंत्रमागाचा सगळा हिशेब घरच्या मशीनवर ठेवणाऱ्या मामांनी त्याखाली ‘केलं, पाच मिनिटांत झालं’ असं लिहून टाकलं. त्या पाच मिनिटांत नेमकं काय झालं, ते बघू.

मुद्दा पहिला: ‘सी ड्राइव्हमधल्या फायली डी ड्राइव्हमध्ये कॉपी करा, बॅकअप तयार.’

सगळ्यात घातक मुद्दा हाच. स्टार्टच्या बटनावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. खालच्या भागात डावीकडे ‘डिस्क ०’ असा चौकोन दिसेल आणि त्याच्याच आडव्या पट्टीत सी आणि डी शेजारीशेजारी. पट्टी एक, म्हणजे डिस्क एक. ती गेली की मूळ फाइलही गेली आणि कॉपीही. डी जर ‘डिस्क १’च्या पट्टीत असेल, तर निदान डिस्क वेगळी आहे, पण तीही त्याच कॅबिनेटमध्ये, त्याच एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. वळवाच्या पावसात लाइट चार वेळा जाते-येते, त्यात एसएमपीएस बिघडून व्होल्टेज वाढलं तर दोन्ही डिस्क एकदम जाऊ शकतात.

शिवाय रॅन्समवेअरला, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला, सी आणि डी हा भेद माहीत नाही. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून आणि फुकट अ‍ॅक्टिव्हेटरमधून पसरणारा ‘स्टॉप डीजेव्हीयू’ घ्या. मशीनला जोडलेल्या ज्या ज्या ड्राइव्ह दिसतील, त्यांतल्या फायली तो लॉक करतो आणि विंडोजने मागे ठेवलेल्या शॅडो कॉपीही पुसून टाकतो. कायम लावून ठेवलेली बाहेरची हार्डडिस्कसुद्धा यात सापडते. म्हणून कॉपी झाली की ती काढून कपाटात ठेवायची.

अर्धं खरं आहे ते मान्य करतो. नुसती सी फॉरमॅट मारून विंडोज टाकलं, तर डी वाचते, आणि वर्षानुवर्षं लोकांचं त्यावर भागलंही. पण जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकताना डिस्क एमबीआर या जुन्या विभागणीच्या पद्धतीची निघाली, की सेटअप पुढे जात नाही. त्या सेटअपला जीपीटी ही नवी पद्धत पाहिजे. मग घाईत सगळी पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, डिलीट केली जातात. त्यात डी आलीच की!

आता मामांच्या पाच मिनिटांकडे. त्यांनी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी केलं. हिशेबाच्या टॅलीप्राइम सॉफ्टवेअरचा डेटा तिथे नसतोच. तो साधारणपणे सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम आणि त्यात डेटा या फोल्डरमध्ये असतो. प्रत्येक कंपनीचं आकड्याचं वेगळं फोल्डर. म्हणजे फोटो डीमध्ये गेले आणि हिशेब होता तिथेच राहिला. टॅलीत ऑल्ट आणि वाय दाबून ‘बॅकअप’ निवडा, कंपनी निवडा आणि जागा म्हणून बाहेरची डिस्क द्या. नंतर तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोर करून शेवटचं व्हाउचर उघडतंय का, ते पाहा. लग्नपत्रिकेची डीटीपी कामं करणाऱ्यांनी श्रीलिपीचे फॉन्टही सोबत घ्या. नाहीतर दुसऱ्या मशीनवर वधूवरांच्या नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील.

बॅकअप कशाला म्हणायचं, हे माझं मत नाही. अमेरिकेच्या ‘यूएस-सर्ट’ या सरकारी संस्थेच्या २०१२ च्या बॅकअपवरच्या टिपणात ३-२-१ हा नियम दिलाय: महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आपल्याकडे त्याचा अर्थ सोपा आहे. एक प्रत मशीनमध्ये, एक १ टीबीच्या पोर्टेबल हार्डडिस्कवर, आणि एक क्लाउडवर किंवा जुळे सोलापुरात राहणाऱ्या बहिणीच्या कपाटात पेनड्राइव्हवर. डिस्क यूएसबी ३ पोर्टला लावा, बऱ्याच मशीनवर तो आतून निळा असतो. १०० जीबीला तिथे वीसेक मिनिटं लागतील, जुन्या यूएसबी २ वर तासभर. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. ती फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.

फसवणूक तिसऱ्या मुद्द्यात आहे: ‘ऑनलाइन चारशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह मिळतो, तो घ्या.’ आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि ती चिप चालवणाऱ्या कंट्रोलरला २ टीबी सांगायला शिकवलेलं असतं. भरत जाल तशी फायलींची नावं दिसत राहतात, कारण नावांची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत असते. उघडायला गेलात की रिकामं. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर पूर्ण जागा भरून परत वाचून बघतं. नव्या पेनड्राइव्हवर आधी तेच चालवा.

मुद्दा दुसरा, ‘मशीन बिघडली तरी हार्डडिस्क काढून दुसरीकडे लावली की सगळं मिळतं’, हा जुन्या डेस्कटॉपपुरता ठीक. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, की बऱ्याचदा न विचारता एन्क्रिप्शन चालू होतं, म्हणजे डिस्कला कुलूप लागतं. डिस्क दुसरीकडे लावलीत की ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ (त्या कुलपाची किल्ली) मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते; आजच काढून कागदावर लिहून ठेवा.

चौथा मुद्दा, ‘गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह आहे ना!’ आहे, पण फुकटात अनुक्रमे १५ आणि ५ जीबी. शिवाय ते सिंक आहे: इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट, ट्रॅशमध्ये ३० दिवस मुदत. फाइलवर निळ्या ढगाची खूण असेल, तर ती तुमच्या मशीनवर नाहीच.

पाचवा, ‘स्टिकर बघा, हार्डवेअर कळतं.’ स्टिकरवरचा ‘आय फाइव्ह’ २०१२ च्या ३४७० चाही असतो आणि त्यानंतर दहा वर्षांनी आलेल्याचाही. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते, म्हणून पूर्ण नंबर महत्त्वाचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, ‘परफॉर्मन्स’ उघडा. सीपीयूचं पूर्ण नाव, रॅमचा वेग, किती स्लॉट भरलेत, डिस्क एसएसडी आहे की एचडीडी, सगळं तिथेच मिळतं. रॅम डीडीआर३ की डीडीआर४ हे ‘सीपीयू-झेड’च्या मेमरी टॅबमध्ये बघा, एकाची खाच दुसऱ्याच्या स्लॉटला बसत नाही. डिस्कची तब्येत ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ सांगतं. पिवळं ‘कॉशन’ दिसलं, तर चेकडिस्क, डीफ्रॅग अशी डिस्क दुरुस्त किंवा नीट लावणारी साधनं काहीही चालवू नका. आधी टॅलीचा डेटा काढा, मग फोटो, आणि मगच दुकानात जा.