पिशवीतल्या कार्बोलिकने साप अडत नाही

पावसाळा तोंडावर आला की ट्रेकच्या ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. जीपीएसवरच्या खुणेवरून रानात लपवलेली डबी शोधणाऱ्या, म्हणजे जिओकॅशिंग करणाऱ्या मंडळींपर्यंतही तो पोचला आहे. त्यात सांगितलेले असते ते असे: कार्बोलिक ॲसिड किंवा ठेचलेला लसूण जवळ असला किंवा भोवती शिंपडला की साप फिरकत नाही. पाय आपटत चाललात की तो पळतोच. विषारी साप तिकोनी डोक्यावरून ओळखता येतो. चावलाच तर वर घट्ट दोरी बांधा, ब्लेडने चिरा, रक्त चोखून थुंका. कोळ्यांपासून जपा आणि गोचीड चिकटली तर काडी पेटवून चटका द्या. वाचणाऱ्याला वाटते, एवढे सामान घेतले की झाले. हा भरवसाच माणसाला दवाखान्यापासून लांब ठेवतो, म्हणून एकेक दावा तपासू.

कार्बोलिकपासून सुरुवात करू. साप जिभेने वास टिपतो हे खरे, पण उग्र वास आला म्हणून तो जागा सोडतो असे मुळीच नाही. उलट कार्बोलिक माणसाची कातडी भाजते आणि कातडीतून शरीरात भिनते. पाठपिशवीत ती बाटली फुटली तर काय होईल, याचा विचार संदेशात कुठेच नसतो. लसणाचे रिंगण तर पहिल्या सरीत वाहून जाते. पण खरे नुकसान वेगळेच आहे. औषध शिंपडले म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि न बघता हात घालतो.

डबी लपवणारे जागा निवडतात त्या अशा: दगडांचा ढीग, झाडाची ढोली, पडक्या तटबंदीची फट. कोकणातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, फुरसे (विषारी साप) नेमके दगडाखाली बसलेले असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ते भरपूर आहे. लांबीला जेमतेम हातभर, रंग मातीचा, त्यामुळे नजरेत भरत नाही. विंचवाचेही तेच घर. तेव्हा दगड उलटायचा तर हाताने नाही, काठीने. आणि तोही आपल्याकडे ओढून, म्हणजे दगड आपल्या व त्याखालच्या जिवाच्या मध्ये राहतो. फटीत आधी टॉर्चचा उजेड, मग काठी, आणि हात सगळ्यात शेवटी. आतले दिसत नसेल तर ती डबी सोडून द्यावी, असे माझे ठाम मत आहे. डबी काय, पुढच्या खेपेलाही मिळेल.

पाय आपटण्याचा सल्ला अर्धा खरा आहे. धामण, नाग बहुतेकदा चाहूल लागताच निघून जातात. घोणस आणि फुरसे मात्र रंगाच्या भरवशावर जागीच दबून राहतात. घोणस कुकरच्या शिटीसारखी फुत्कारते, फुरसे अंगावरचे खवले घासून खरखर आवाज करते; पण तोवर पाऊल जवळ पडलेले असते. घोट्याच्या वर येणारे बूट, जाड लांब पँट आणि पायापुढे नजर यांना दुसरा पर्याय नाही.

तिकोनी डोक्याची खूण तर जिवावर बेतणारी आहे. मण्यारीचे डोके तिकोनी नसते, फणा न काढलेल्या नागाचेही नसते. उलट बिनविषारी दिवड चिडला की डोके चपटे करतो. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दंश इतका हलका की कित्येकदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळा, पापण्या जड, बोलणे अडखळते. गडावर मुक्काम असेल तर चेन बंद होणारा तंबू किंवा अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हवी.

आता दोरी, ब्लेड आणि चोखणे. घोणस-फुरश्याचे विष दंशाच्या जागचे मांस कुजवते आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. घट्ट दोरीने त्या अवयवाचा रक्तपुरवठा तुटतो, पाय गमावण्याची वेळ येते. रक्त गोठत नसताना ब्लेड मारणे म्हणजे न थांबणारा रक्तस्राव. चोखून विष बाहेर येत नाही. करायचे ते थोडकेच: अंगठी, पैंजण, घड्याळ काढा, मोडलेल्या हाडाला देतो तसा फळीचा आधार देऊन अवयव स्थिर ठेवा, रुग्णाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिविष (विष उतरवणारे इंजेक्शन) चालते, म्हणून साप मारून नेण्याची गरज नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. यातली बरीच माणसे दवाखान्यापर्यंत पोचलीच नाहीत.

विंचवावर संदेश गप्प आहे. कोकणातला लाल विंचू थेट हृदयावर घाला घालतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे साधे औषध वापरून दाखवले आणि असंख्य जीव वाचले. घाम, थंड पडलेले हातपाय, धाप दिसली की घरगुती उपाय सोडून दवाखाना गाठा.

कोळ्यांची भीती आपल्याकडे अवास्तव आहे. धास्ती धरायची ती आग्या मोहोळाची. कड्याखाली, लेण्यांच्या छताला पोळी असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. एक डंख बसला की त्याच्या वासाने बाकीच्या येतात, म्हणून हात न झाडता तोंड झाकून पळावे.

शेवटी गोचीड. चटका दिला की ती गळून पडण्याआधी जखमेत लाळ सोडू शकते. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरी भागात गोचिडीतून माकडताप पसरलेला आहे, तिथे जानेवारी ते मे विशेष जपावे. झुडपांतल्या चिगर माइट या बारीक किड्यामुळे स्क्रब टायफस हा तापाचा आजार होतो. काखेत किंवा जांघेत काळी खपली दिसते. रानातून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर कुठे फिरलो होतो ते डॉक्टरांना आधी सांगा आणि ती खपली दाखवा. स्क्रब टायफसवर डॉक्सिसायक्लिन वेळेत सुरू झाले तर ताप सहसा दोन दिवसांत उतरतो.